चकती स्थिर, सूर उतरलेला : १२० व्होल्टच्या एका टर्नटेबलचे प्रकरण

या प्रकरणातील यंत्र साधे आहे. पट्ट्यावर चालणारे टर्नटेबल, आत एक छोटी सिंक्रोनस मोटर, मोटरच्या दांड्यावर पितळी पुली, तिच्यावरून आतल्या उपप्लॅटरकडे जाणारा रबरी पट्टा आणि त्यावर जड प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, एवढाच त्याचा संसार. खालच्या बाजूस चिकटवलेल्या पट्टीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असे छापलेले आहे. यंत्रमालकांनी, म्हणजे माझ्या एका स्नेह्यांनी, बिऱ्हाड हलवले तेव्हा हे यंत्र त्यांच्यासोबत अशा देशात आले, जिथे भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ मिळतात. पट्टीवरच्या दोन आकड्यांपैकी त्यांनी पहिला मनावर घेतला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले. त्यांना दोष देता येत नाही. व्होल्टेज चुकले की धूर निघतो, हे सर्वांना ठाऊक असते; वारंवारता, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांचा हर्ट्झमधला आकडा, चुकली की काय होते, हे पाहण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही, कारण आजची बहुतेक उपकरणे आलेल्या विजेची आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करून घेतात आणि मग ती ५० हर्ट्झची होती की ६० हर्ट्झची, याने त्यांना काही फरक पडत नाही.

त्यांनी २३० व्होल्टचे ११५ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आणला, टर्नटेबल त्याला जोडले आणि ते विनातक्रार फिरू लागले. पहिले दोन दिवस त्यांनी लावलेल्या रेकॉर्ड वाद्यसंगीताच्या आणि नव्यानेच घेतलेल्या होत्या, त्यामुळे काही खटकले नाही. तिसऱ्या दिवशी अनेक वर्षे ऐकून पाठ झालेली एक गायनाची रेकॉर्ड लावली, तेव्हा गायिकेचा आवाज जड, झोपाळलेला आणि जवळजवळ पुरुषी वाटला. त्यांच्याकडे हार्मोनियम होती. त्यावर ताडून पाहिले असता काळी पाचचा षड्ज पांढरी पाचवर, किंबहुना तिच्याही किंचित खाली, उतरलेला निघाला.

यानंतर त्यांनी जी तपासणी केली, ती वरकरणी बिनचूक होती आणि तिनेच त्यांना तीन आठवडे चकवले. त्यांच्याकडे यंत्रासोबत आलेली कागदी स्ट्रोब चकती होती. तिच्या कडेला काळ्या-पांढऱ्या रेघांचे वर्तुळ असते. वीजपुरवठ्यावर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ती फिरवली आणि वेग बरोबर असला, तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. वेग कमी असेल तर त्या मागे सरकतात, जास्त असेल तर पुढे. स्नेह्यांनी रात्री खोलीतले दिवे मालवून एक छोटा निऑन दिवा चकतीजवळ धरला. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या वेगासाठीच्या रेघा खिळ्याने ठोकल्यासारख्या स्थिर होत्या. साहजिकच त्यांनी निष्कर्ष काढला की वेग अचूक आहे आणि बिघाड अन्यत्र आहे. त्यांनी कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, बदलले, सुई बदलली, ॲम्प्लिफायर दुसऱ्याकडून मागून आणला, शेवटी स्वतःच्या कानांवरही संशय घेतला. मला बोलावले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता : “चकती तर हलत नाही, मग गाणं खाली का उतरतंय?”

मी चकतीकडे पाहिलेच नाही. प्लॅटरच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून शंभर फेरे मोजले. ३३ १/३ फेरे प्रतिमिनिट या वेगाने शंभर फेऱ्यांना बरोबर तीन मिनिटे, म्हणजे १८० सेकंद लागायला हवेत. इथे २१६ सेकंद लागले. २१६ला १८०ने भागले की सहा पंचमांश येतात, आणि ६० व ५० यांचे गुणोत्तरही तेच आहे. गणित इतके नेटके जुळले की आत कुठे घर्षण वाढले असेल, पट्टा सैल पडला असेल, तेल सुकले असेल या साऱ्या शंका एका फटक्यात बाद झाल्या. झीज किंवा घाण कधी इतकी काटेकोर चूक करत नाही.

सिंक्रोनस मोटरचा वेग दोनच गोष्टींवर ठरतो, पुरवठ्याची वारंवारता आणि मोटरमधील चुंबकीय ध्रुवांची संख्या. १२०ला वारंवारतेने गुणून ध्रुवांच्या संख्येने भागले की मिनिटाचे फेरे मिळतात. या यंत्रातील मोटर २४ ध्रुवांची आहे, म्हणून ती ६० हर्ट्झवर मिनिटाला ३०० फेरे घेते आणि ५० हर्ट्झवर २५०. या सूत्रात व्होल्टेज कुठेही येत नाही. व्होल्टेजवर मोटरचा जोर, तिची कंपने आणि तिचा ताप ठरतो. ट्रान्सफॉर्मर केवळ व्होल्टेज बदलतो आणि वारंवारता जशीच्या तशी पुढे सोडतो, त्यामुळे प्लॅटर २७.७८ फेऱ्यांनी फिरत होता आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरला होता.

चकती स्थिर का दिसली, हे मात्र थोडे उलगडून सांगायला हवे, कारण हा चकवा अनेकांना पडतो. निऑन दिवा प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळतो, म्हणजे ६० हर्ट्झवर सेकंदाला १२० वेळा आणि ५० हर्ट्झवर १०० वेळा. ६० हर्ट्झसाठी छापलेल्या चकतीवर ३३ १/३च्या वर्तुळात २१६ रेघा असतात, ५० हर्ट्झच्या चकतीवर १८०. स्नेह्यांची चकती अर्थातच २१६ रेघांची होती. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याखाली २१६ रेघा नेमक्या २७.७८ फेऱ्यांना स्थिर दिसतात. मोटर आणि दिवा, दोन्ही एकाच पुरवठ्यावर होते, दोन्ही एकाच प्रमाणात मंदावले होते, आणि चकती त्या दोघांचे आपसांत जुळते एवढीच ग्वाही देत होती. आरोपीची साक्ष त्याच्या जुळ्या भावाकडून घेतल्यासारखा हा प्रकार झाला. ज्या पुरवठ्यावर मोटर चालते त्याच पुरवठ्यावरच्या दिव्याने सिंक्रोनस मोटरची वारंवारतेची चूक पकडता येत नाही. फार तर पुली किंवा पट्टा यांची चूक पकडता येते.

व्होल्टेज आणि वारंवारता यांची सांगड सर्वत्र सारखी नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, युरोपात आणि भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असे असल्यामुळे ‘११०वाले’ आणि ‘२२०वाले’ अशी दोनच घराणी असल्याचा समज होतो. पण दक्षिण कोरियात २२० व्होल्ट ६० हर्ट्झवर मिळतात, आणि जपानात सर्वत्र १०० व्होल्ट असूनही पूर्वेकडे ५० व पश्चिमेकडे ६० हर्ट्झ आहेत. तोक्यो आणि ओसाका या शहरांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जनित्रे आणली गेली, ती एकीकडे जर्मनीतून आणि दुसरीकडे अमेरिकेतून, त्याचा हा वारसा. म्हणजे तोक्योचे जुने टर्नटेबल ओसाकाला नेले तर प्लग बसेल, व्होल्टेज जुळेल आणि तरीही गाणे २० टक्के वेगाने धावेल. मोटरची पट्टी वाचताना दोन्ही आकडे स्वतंत्रपणे वाचावेत, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

आता मोटरच्या प्रकृतीकडे वळू. मी हात लावला तेव्हा ती अपेक्षेहून बरीच गरम होती, आणि याचेही कारण वारंवारतेतच होते. मोटरच्या लोखंडात निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र व्होल्टेज आणि वारंवारता यांच्या भागाकाराच्या प्रमाणात असते. १२० व्होल्टला ६०ने भागले तर २ येतात, म्हणून ५० हर्ट्झवर तीच मोटर चालवायची तर तिला १०० व्होल्ट पुरतात. हलक्या भारावर तो ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्षात १२२ व्होल्ट देत होता. मोटरच्या लोखंडावर तीन आठवडे सुमारे २२ टक्के जास्तीचा भार पडत होता. मोटर जळाली नव्हती, पण खालच्या बेअरिंगमधले तेल आटून चिकट झाले होते, ते पुसून नवे घालावे लागले.

पुलीचा प्रयोग

वारंवारता बदलायची नसेल तर पुली बदलावी, हा जुना आणि प्रतिष्ठित उपाय आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांतील गॅरार्ड ३०१सारख्या यंत्रांसाठी ५० आणि ६० हर्ट्झच्या वेगवेगळ्या पुली मिळत, आणि व्होल्टेजसाठी मोटरच्या गुंडाळ्यांची जोडणी स्वतंत्रपणे बदलता येई. त्या काळच्या रचनाकारांनी हे दोन प्रश्न अगदी स्वच्छपणे वेगळे ठेवले होते. आमच्या यंत्रासाठी तयार पुली मिळेना, म्हणून स्नेह्यांनी मूळ पुलीचे माप घेऊन लेथवर नवी करून घेतली. मूळ पुलीचा व्यास १६.१३ मिलिमीटर होता. त्यांनी त्याला १.२ने गुणले आणि १९.३६ मिलिमीटरची पुली करवली.

ती बसवल्यावर शंभर फेऱ्यांना १८१.१ सेकंद लागू लागले. गाणे ओळखीचे झाले, पण वेग ०.६ टक्क्याने कमीच राहिला. कारीगराचे माप चोख होते, चूक गुणाकारात होती. पट्टा पुलीभोवती वळतो तेव्हा त्याची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. ज्या थरात ना ताण ना दाब, तो थर साधारण पट्ट्याच्या जाडीच्या मध्यावर असतो, आणि वेगाचे गणित त्या थराच्या व्यासावर करायचे असते. पट्टा ०.६ मिलिमीटर जाड होता, म्हणून पुलीचा आणि उपप्लॅटरचा, दोन्ही व्यासांत ०.६ मिळवायला हवे. उपप्लॅटर १५० मिलिमीटरचा आहे. १५०.६ला ७.५ने भागले की २०.०८ येतात, त्यातून पट्ट्याचे ०.६ वजा केले की १९.४८. म्हणजे पुली १२ शतांश मिलिमीटरने लहान पडली होती. एखाद्या जाडसर कागदाइतकी ही जाडी, पण सुरात तिचा परिणाम अर्धस्वराच्या एक दशांशाइतका झाला.

इतका फरक कानाला जाणवतो का, असा प्रश्न स्नेह्यांनी विचारला. एकटी रेकॉर्ड ऐकताना बहुतेकांना जाणवणार नाही, सोबत वाद्य वाजवणाऱ्याला नक्की जाणवेल, असे माझे मत आहे. दुसरी पुली करवणे अवघड नव्हते. तरीही मी त्या वाटेने न जाण्याचा सल्ला दिला, तो दोन कारणांनी. स्नेह्यांचे बिऱ्हाड पुन्हा ६० हर्ट्झच्या देशात हलण्याची शक्यता होती आणि मूळ यंत्रात कायमचे फेरफार नकोत, अशी त्यांची इच्छा होती. शिवाय पुली बदलल्याने मोटर पुरवठ्याच्या चढउतारांना बांधलेलीच राहते. मागणी वाढून निर्मिती मागे पडली की विजेच्या जाळ्याची वारंवारता किंचित घसरते, आणि ५०ऐवजी ४९.९ हर्ट्झ झाले की प्लॅटरही ०.२ टक्क्याने मंदावतो. मोठ्या जाळ्यात हा दोष नगण्य म्हणावा इतका लहान असतो. घरच्या जनरेटरवर तो तसा राहत नाही.

वेगनियंत्रक आणि त्याच्या दोन बाजू

म्हणून वेगनियंत्रकाचा पर्याय निवडला. या पेटीचे काम समजायला सोपे आहे. भिंतीतली वीज ॲडॅप्टरमधून डीसी होऊन आत येते. स्फटिकावर चालणारे घड्याळ आणि एक छोटी चिप मिळून हव्या त्या वारंवारतेची गुळगुळीत साइन लहर तयार करतात, ॲम्प्लिफायर तिला ताकद देतो आणि शेवटचा ट्रान्सफॉर्मर ती मोटरला लागणाऱ्या व्होल्टेजपर्यंत चढवतो. भिंतीतल्या विजेचा आणि मोटरचा वारंवारतेपुरता संबंध तुटतो. बॅटरीवरचा साधा इन्व्हर्टर याऐवजी वापरू नये, कारण त्याची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते. तिच्यातील १८० आणि ३०० हर्ट्झसारखे विषम पटींचे घटक मोटरला गुणगुणायला लावतात आणि ती गुणगुण बेअरिंगमधून सुईपर्यंत पोहोचते. प्रवासात इस्त्री किंवा केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारे, लहर मध्येच कापून व्होल्टेज उतरवणारे हलके कन्व्हर्टर तर मोटरच्या जवळपासही आणू नयेत.

स्नेह्यांना वापरलेला एक नियंत्रक चांगल्या अवस्थेत मिळाला. त्याच्या ॲडॅप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले होते. ते वाचून त्यांची समजूत झाली की हा कोणत्याही व्होल्टेजचे टर्नटेबल चालवतो. त्यांनी मूळ पुली परत बसवली, दर्शकावर ६० हर्ट्झ निवडले आणि टर्नटेबलचा प्लग नियंत्रकाच्या मागच्या सॉकेटमध्ये थेट खोचला. प्लॅटर झटक्यात फिरू लागला, नेहमीपेक्षा जास्त जोमाने, आणि पाचेक मिनिटांत मोटरमधून जोरदार घरघर आणि तापलेल्या वार्निशचा वास येऊ लागला. त्यांनी लगेच प्लग काढला, हे बरे झाले.

ॲडॅप्टरवरचा मजकूर आत येणाऱ्या विजेविषयी होता. बाहेर पडणाऱ्या विजेचा आकडा पेटीच्या मागे, सॉकेटखाली, बारीक अक्षरांत होता, २३० व्होल्ट. मी पोहोचलो तेव्हा मोटर अजून गरम होती, म्हणून सर्वप्रथम तिच्या एका गुंडाळीचा रोध मल्टिमीटरने मोजला. तो १,२०० ओहम भरला. दोन तासांनी ती पूर्ण निवल्यावर तोच १,००० ओहम झाला. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २० टक्के वाढ म्हणजे गुंडाळी खोलीच्या तापमानापेक्षा ५० अंशांनी तापली होती. गुंडाळी हीच स्वतःचा तापमापक असते, ही सोय मोटर दुरुस्त करणाऱ्याने विसरू नये. निवल्यावर दोन्ही गुंडाळ्यांचे रोध आपसांत जुळले, म्हणून आत वेटोळी एकमेकांना चिकटली नसावीत, असे मानायला जागा होती. १२० व्होल्टच्या गुंडाळीला २३० मिळाले की लोखंड चुंबकत्वाने संपृक्त होण्याचा विचार बाजूला ठेवला, तरी उष्णता साडेतीनपटींहून जास्त होते. अर्धा तास गेला असता तर हे प्रकरण वेगळ्या शीर्षकाखाली लिहावे लागले असते.

आता हातात एक नियंत्रक होता २३० व्होल्ट देणारा, आणि जुना २३० ते ११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर होताच. तो नियंत्रकाच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडला तर काम भागेल, हा विचार कागदावर बरोबर आहे आणि आम्ही तो करून पाहिला. नियंत्रकाने चालू होताच दिवा लाल करून बाहेर जाणारी वीज बंद केली. ट्रान्सफॉर्मर २०० व्होल्ट-ॲम्पिअरचा होता आणि नियंत्रकाची ऐपत जेमतेम १५ वॉटची. एवढे मोठे लोखंड केवळ चुंबकित ठेवायला जो प्रवाह लागतो, तोच त्या बिचाऱ्या पेटीला झेपेना. छोटा, दहावीस व्होल्ट-ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर असता तर हीच मांडणी चालली असती. तसेच असे अनेक उतार ट्रान्सफॉर्मर एकाच गुंडाळीचे, म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, आणि त्यांच्यात दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

उपाय पेटीच्या आतच निघाला. झाकण उघडल्यावर शेवटच्या ट्रान्सफॉर्मरजवळ दुय्यम गुंडाळीचे दोन भाग दिसले, एका जोडपट्टीने एकापुढे एक जोडलेले. ती जोडपट्टी हलवून दोन्ही भाग समांतर केले की बाहेर ११५ व्होल्ट मिळतात, असे फलकावरच छापलेले होते. प्लग काढून, कपॅसिटर रिते होऊ देऊन, पट्टी बदलली. टर्नटेबल जोडण्यापूर्वी रिकाम्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. त्याने ११७ व्होल्ट आणि ६०.०० हर्ट्झ दाखवले. हे दोन आकडे एकत्र पाहिल्याशिवाय कोणत्याही नियंत्रकाला कोणतेही टर्नटेबल जोडू नये, असा माझा आग्रह आहे.

याच्या उलट चूकही घडते. काही जुन्या यंत्रांच्या पट्टीवर २२० किंवा २४० व्होल्ट लिहिलेले असते, पण आतली मोटर प्रत्यक्षात ११० व्होल्टची असते आणि उरलेले व्होल्टेज मालिकेत जोडलेल्या एका जाड रोधकात जिरवलेले असते. पट्टीऐवजी मोटरचे अंग पाहून अशा यंत्राला ११५ व्होल्टचा नियंत्रक जोडला आणि रोधक तसाच ठेवला, तर मोटर उपाशी राहते, थरथरते आणि फिरत नाही. मोटर, रोधक आणि कपॅसिटर हे तिन्ही एकत्र पाहून मगच नियंत्रकाचे व्होल्टेज ठरवावे.

व्होल्टेज किती ठेवावे

नियंत्रकात सुरुवातीचे आणि चालतानाचे व्होल्टेज वेगवेगळे ठेवण्याची सोय होती. जड प्लॅटर हलवायला जोर लागतो, एकदा फिरू लागला की फारसा लागत नाही, आणि जास्तीचे व्होल्टेज मग निव्वळ कंपन बनून राहते. मी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटरच्या अंगावर टेकवून दांडा कानाशी धरला आणि स्नेही एकेक पायरी व्होल्टेज उतरवत गेले. ११५ला स्पष्ट ऐकू येणारी १२० हर्ट्झची गुणगुण १००ला मऊ झाली आणि ९०ला कान देऊन ऐकावी लागली. ७५ व्होल्टला शांतता जवळजवळ पूर्ण होती, पण रेकॉर्ड पुसण्याचा ब्रश फिरत्या तबकडीवर टेकवताच प्लॅटरला हिसके बसू लागले आणि मोटरची पकड सुटली. आम्ही ९० व्होल्ट कायम केले.

या हिसक्यांवरून एक निदानाची खूण मिळते. सिंक्रोनस मोटर अपुऱ्या व्होल्टेजवर अर्धा-एक टक्का हळू फिरत नाही. तिने पकड धरली असेल तर वेग पूर्ण असतो, पकड सुटली तर ती अडखळते किंवा थांबते. म्हणून सलग आणि स्थिर, पण किंचित कमी वेग दिसला तर व्होल्टेज वाढवत बसू नये. पुलीचा व्यास, पट्ट्याची जाडी किंवा पट्टा घसरणे यांपैकी काहीतरी तपासावे. इंडक्शन मोटरच्या, विशेषतः चाकावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांना हा नियम लागू नाही. त्यांची मोटर भार आणि व्होल्टेज यांनुसार थोडी मागे रेंगाळते, आणि त्यांना वीजही जास्त लागते, त्यामुळे १५ वॉटचा हा नियंत्रक त्यांच्यासाठी अपुरा पडतो.

४५च्या वेगासाठी नियंत्रकावर वेगळे बटण आहे. ते दाबले की वारंवारता १.३५पट, म्हणजे ८१ हर्ट्झ होते, आणि पट्टा हाताने पुलीच्या मोठ्या पायरीवर सरकवण्याचा त्रास वाचतो. मी तरीही पट्टा सरकवण्याच्या बाजूचा आहे. या मोटरच्या दोन गुंडाळ्यांपैकी एकीला ०.३३ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून वीज मिळते, आणि दोन्हींत पाव आवर्तनाचे अंतर पडावे म्हणून तो नेमका ६० हर्ट्झसाठी निवडलेला आहे. ६० हर्ट्झला त्याचा अवरोध सुमारे ८,००० ओहम असतो, ८१ला तो ६,०००च्या आत येतो आणि ते अंतर बिघडते, शिवाय गुंडाळ्यांचा अवरोध वाढून जोर कमी होतो. व्होल्टेज वाढवून जोर भरून काढता येतो, बिघडलेले अंतर येत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यातून ८१ हर्ट्झवरची खरखर स्पष्ट ऐकू आली. स्नेह्यांकडे ४५च्या मोजक्याच तबकड्या आहेत. त्यांनी बटण वापरायचे ठरवले, आणि त्यात गैर काही नाही.

पुन्हा चकती

सर्व जुळवून झाल्यावर शंभर फेऱ्यांना १८०.१ सेकंद लागले. घड्याळाचे बटण दाबण्यात माझ्या बोटाची चूक दशांश-दोन दशांश सेकंदांची असू शकते, म्हणून याहून बारीक माप या पद्धतीने मागू नये. चाचणीच्या रेकॉर्डवरील ३,१५० हर्ट्झचा स्वर लावून फोनवर मोजला. तो प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, थोडा वर-खाली होत होता, कारण त्या रेकॉर्डचे भोक मध्यापासून किंचित सरकलेले आहे. दहा-बारा फेऱ्यांची सरासरी मात्र ३,१४९च्या जवळ राहिली. मूळच्या चुकीच्या वेगावर हाच स्वर २,६२५ हर्ट्झ भरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेह्यांचा फोन आला. रात्री त्यांनी हौसेने निऑन दिवा आणि जुनी चकती काढली होती आणि रेघा वेगाने पुढे पळताना पाहून त्यांची झोप उडाली होती. गाणे सुरात, हार्मोनियमशी जुळते, आणि चकती म्हणते वेग जास्त. त्यांना हिशोब फोनवरच सांगितला. आता प्लॅटर योग्य वेगाने फिरतो, म्हणून २१६ रेघांपैकी १२० रेघा सेकंदाला डोळ्यांसमोरून जातात, दिवा मात्र भिंतीतल्या ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळाच लुकलुकतो, आणि उरलेल्या २० रेघा दर सेकंदाला पुढे निसटताना दिसतात. १८० रेघांची चकती त्याच दिव्याखाली स्थिर दिसली असती, पण मोटर आता भिंतीतल्या वारंवारतेवर अवलंबून नसल्याने जाळ्यातील चढउतार त्या चकतीवर सावकाश डोलण्याच्या रूपाने दिसतील आणि तो दोष पुन्हा टर्नटेबलच्या माथी मारला जाईल. स्फटिकावर चालणारा, बॅटरीचा स्ट्रोब दिवा घ्यावा किंवा शंभर फेरे मोजावेत.

यंत्राखालच्या जुन्या पट्टीशेजारी आम्ही आता एक नवी पट्टी चिकटवली आहे : ‘मोटर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पुली मूळची. नियंत्रक ११५ व्होल्टवर बांधलेला. भिंतीतल्या सॉकेटला थेट जोडू नये.’ लेथवरची पुली आणि २१६ रेघांची चकती एका पाकिटात घालून नियंत्रकाच्या खोक्यात ठेवली आहे, आणि पाकिटावर दोन्हींपुढे कोणत्या वारंवारतेसाठी ते लिहिले आहे. जुना ट्रान्सफॉर्मर सध्या स्नेह्यांच्या १२० व्होल्टच्या मिक्सरला जोडलेला असतो. तोही ५० हर्ट्झवरच चालतो, पण त्याची मोटर कार्बन ब्रशची आहे, त्यामुळे तिला त्याचे काही वाटत नाही.